मानाचा शब्द नासवण्याची रीत

एखादा चांगला वजनदार शब्द नासवायचाय? अवघड काही नाही. तो बाईच्या नावामागे लावा आणि शे-दोनशे वर्षं मुरू द्या. इंग्रजांनी हे करून दाखवलंय.

‘मिस्ट्रेस’ घ्या. मूळ फ्रेंच, अर्थ मालकीण, नोकरांवर हुकूम सोडणारी. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या इंग्रजी शब्दकोशात पहिला अर्थ ‘सत्ता चालवणारी स्त्री’. मग एखाद्या कामात तरबेज, मग शिक्षिका, मग प्रेयसी, मग तुच्छतेची हाक आणि तळाला रखेली. अख्खा जिना एकाच नोंदीत! लग्नाचं मात्र नावही नाही. ‘मिसेस’ हे याच मिस्ट्रेसचं आखूड रूप, आणि तेव्हा ते प्रतिष्ठेवरून मिळायचं. व्यापार करणाऱ्या बिनलग्नाच्या बाईलाही. तुम्ही हा घोळ ठेवू नका. मिसेस म्हणजे कुणाची तरी बायको, असं ठरवून टाका. जमलं तर तिचं स्वतःचं नाव पुसून पुढे नवऱ्याचं आख्खं नाव लिहा, म्हणजे पत्र हमखास घरी पोचतं.

‘मिस’ही त्याच घराण्यातली. सतराव्या शतकात लंडनमध्ये मिस म्हणजे कुणीतरी ठेवलेली. पुढे ती सभ्य कुमारिका झाली. हा शब्द उलटा वर चढला. असे अपवाद कानाडोळा करून सोडावेत.

‘मास्टर’चा ‘मिस्टर’ झाला, पण त्याचं लग्न झालंय की नाही हे त्यावरून आजतागायत कळत नाही. नकोच कळायला. पोस्टमनला काय करायचंय?

लग्न झालंय की नाही हे न सांगणारं ‘मिझ’ (Ms) कुणी सुचवलंच तर घाई करू नका. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या एका रविवारच्या वर्तमानपत्राने ते १९०१ मध्येच सुचवलं होतं. १९६१ च्या सुमारास पुढे त्याचा प्रचार करणाऱ्या अमेरिकन कार्यकर्त्या शीला मायकल्सला ते मैत्रिणीच्या टपालावर दिसलं, तेव्हा छपाईची चूकच वाटली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १९८६ मध्ये ते स्वीकारलं. पंच्याऐंशी वर्षं! अहो, दोन अक्षरं आहेत, नीट तपासायला नकोत?

आणि मराठीत सराव करायचा तर ‘बाई’ तयारच आहे. जिजाबाई, अहिल्याबाई तीच. शाळेतल्या बाई, धुण्याभांड्याची बाई आणि ‘त्याने बाई ठेवलीय’मधलीही तीच. फक्त क्रियापद जपा: जिजाबाई, अहिल्याबाई, शाळेतल्या बाई ‘येतात’, बाकीची ‘येते’.