मोंढ्यात या, मग खुल्या बाजाराचं बोलू

रविवारची झोप मोडून आज एका कार्यक्रमाला गेले आणि डोकं फिरवून घेऊन घरी आले. लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही, म्हणून लिहिते. लांबलं तर सोडून द्या.

लातूरच्या एका हॉलमध्ये मुंबईच्या एका अभ्यासगटाचं व्याख्यान होतं. विषय, राज्याला खुल्या बाजाराचा थिंक टँक, म्हणजे सरकारी धोरणांचा अभ्यास करणारी संस्था, का हवा. खुर्च्यांना पांढरी कव्हरं, पडद्यावर सगळं इंग्रजीत, मध्यंतरात समोसा. मी मुद्दाम पुढच्या रांगेत बसले, कारण विषय घरचाच. माझ्या माहेरी देवघराशेजारच्या खुंटीला शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला अजून आहे. आईच्या नावावर दोन एकर आहे ती लक्ष्मीमुक्तीतली, म्हणजे जमीन बायकोच्या नावावर करायच्या संघटनेच्या मोहिमेतली. संघटनेचे नेते शरद जोशींनी सांगितलं, आण्णांनी, माझ्या वडिलांनी, तलाठ्याकडं जाऊन करून टाकलं. भावकी वर्षभर हसली. संघटनेची मागणीच शेतमालाला खुला बाजार ही, तर मला खुल्या बाजाराचं महत्त्व कुणी पटवून द्यायची गरज नव्हती.

सुरुवात चांगली झाली, खोटं कशाला बोलू. अमेरिकेत जवळपास प्रत्येक राज्यात असं एक केंद्र आहे म्हणाले. मिशिगनमधलं मॅकिनॉ सेंटर 1987 चं. तिथं जोसेफ ओव्हर्टन नावाचा एक इंजिनिअर होता. त्याचं म्हणणं असं की पुढारी कुठल्याही वेळी ठरावीक गोष्टीच उघडपणे बोलू शकतो, एका खिडकीत मावतील तेवढ्याच. म्हणून पुढाऱ्याला ढकलत बसू नका, खिडकी सरकवा, म्हणजे लोकांचं मत बदला. लोकांना समजावं म्हणून त्यानं पुठ्ठ्याची सरकणारी पट्टी केली होती म्हणे. मला हे फार आवडलं. बारावीच्या पोरांना अर्थशास्त्र शिकवताना असलं काहीतरी हातात लागतं.

मग प्रश्नांना दहा मिनिटं. मी उठले. विचारलं, 2021 च्या डिसेंबरात बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आज ठरवणारे सौदे, वर्षभरासाठी म्हणून थांबवले आणि मग मुदत वाढतच गेली, त्यावर तुम्ही काय लिहिलंत? वक्ते गोड हसले. म्हणाले, 'मॅडम, तो केंद्राचा विषय. आम्ही राज्यस्तरावर काम करतो.'

झालं. त्यानंतर मी काय ऐकलं ते मला आठवत नाही. मला दिसायला लागली ती 2017 ची तूर.

मित्रांनो, 2015 ला तूरडाळ दोनशे रुपये किलोवर गेली तेव्हा टीव्हीवर किती आक्रोश झाला, आठवतं ना? साठ्यावर मर्यादा आल्या. 2016 च्या जुलैत मोझांबिकशी डाळीच्या आयातीचा करार झाला. डाळीच्या निर्यातीवर तर 2006 पासूनच बंदी होती. तिकडं आमच्या शिवारात सगळ्यांनी तूर पेरली, पाऊस बरा झाला, तूर कमरेच्या वर गेली. पुरवठा वाढला, बाहेर जायचा रस्ता बंद, आतमध्ये आयात चालू. भाव कुठं जाणार? ही आकृती मी फळ्यावर काढते. पुस्तकात नुसत्या मागणी-पुरवठ्याच्या दोन रेषा असतात. माझ्यासाठी त्या छेदबिंदूवर आण्णा झोपलेले असतात, पोत्यांवर, ताडपत्री डोक्यापर्यंत घेऊन.

हमीभाव होता क्विंटलला 5,050, बोनस धरून. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, चार हजाराच्या आत. म्हणून आण्णा तालुक्याच्या खरेदी केंद्रावर ट्रॅक्टर लावून बसले. पाच रात्री. बारदाना, म्हणजे रिकामी पोती, नाही म्हणून माप बंद. बारदाना आला तर चाळणी बंद. मी कॉलेज सुटलं की डबा घेऊन जायचे. रांगेतल्या एका ट्रॅक्टरच्या चाकाला कुणीतरी खडूनं नंबर घातला होता, तो पुसू नये म्हणून त्याच्यावर प्लास्टिक बांधलं होतं. 22 एप्रिलला खरेदी बंद झाली. गेट लागलं. आण्णांचा नंबर पुढच्या दोन दिवसांत होता.

हो, माहीत आहे, आता तुम्ही म्हणाल की आयुष्यभर 'सरकारनं काही देऊ नये, फक्त आडवं येऊ नये' म्हणणारा माणूस सरकारच्या रांगेत का उभा राहिला? माझ्या भावानं तेव्हाच चिडवलं होतं. राहिले उभे. पेरणी दीड महिन्यावर होती आणि बी उधार मिळत नाही.

आता राज्याचं म्हणताय ना, तर राज्याचंच बोलू. बाजार समितीचा कायदा राज्याचा, 1963 चा. जमिनीची कमाल मर्यादा राज्याची. शेतजमीन कोण घेऊ शकतो, हेही राज्यच ठरवतं. फळं-भाजीपाला 2016 ला बाजार समितीच्या नियमनातून काढला तोही राज्यानंच. मग यातलं मोंढ्यात काय घडलं, आडत, म्हणजे आडत्याची दलाली, कुणाच्या खिशातून गेली, शेतकऱ्याच्या हिशेबाच्या पट्टीवर कोणकोणत्या कपाती राहिल्या, हे बघायला तुमचा एक पोरगा तरी सकाळी सौद्याला येऊन उभा राहिला का? हमालाशी बोलला का? मापाड्याशी?

मुंबईत फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज ही खुल्या बाजाराची बाजू मांडणारी संस्था 1956 पासून आहे, ए. डी. श्रॉफांनी काढलेली. कायदेपंडित नानी पालखीवाला बजेटवर बोलायचे तर ब्रेबॉर्न स्टेडियम भरायचं. मोठी माणसं, मला आदर आहे. पण याच राज्यात शेतकरी संघटनेच्या हाकेवर 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणत लाखो शेतकरी रस्त्यावर आले, तेही खुल्या बाजारासाठीच. त्यांना कुणी पीपीटी दाखवली नव्हती. असला खजिना घरात असताना उदाहरण मिशिगनचं! आणि द्यायचंच तर पुरतं द्या. ते मॅकिनॉ सेंटर डेट्रॉइटमध्ये नाही, राजधानी लान्सिंगमध्येही नाही. मिडलंड नावाच्या लहान गावात आहे. म्हणजे आपल्याकडं ते लातूरला हवं, जालन्याला हवं. तळमजल्यावर आडत दुकान आणि वर यांचं ऑफिस.

आमच्या स्टाफरूममधले एक सर म्हणतात, असल्या संस्थांना पैसा धनदांडग्यांचा असतो आणि खुला बाजार म्हणजे व्यापाऱ्याला मोकळं रान. पैशाचं खरं आहे. कडता, म्हणजे वजनातली मनमानी घट, कापणारा व्यापारी मीही पाहिलाय. पण सर, 2021 ला सोयाबीन दहा हजाराला टेकलं होतं, ते कुणी खाली आणलं? ऑगस्टात 12 लाख टन सोयापेंडीच्या आयातीला परवानगी मिळाली आणि आमची रास होईस्तोवर भाव निम्म्यावर. त्यात आमचा आडत्या कुठं होता?

2020 चे कृषी कायदे घ्या. सुप्रीम कोर्टानं ते तपासायला समिती नेमली, त्यात शेतकरी संघटनेचे अनिल घनवट होते. 2021 च्या मार्चमध्ये अहवाल दिला. तो तसाच बंद पडून राहिला, नोव्हेंबरात कायदे मागं घेतल्याची घोषणा झाली, आणि पुढच्या मार्चला घनवटांनी तो स्वतःच लोकांपुढं ठेवला. किती जणांनी वाचला? तुम्ही? मीही अर्धाच वाचलाय. हेच काम होतं ना या मंडळींचं, तो अहवाल मराठीत सोपा करून गावागावांत पोचवायचं?

जाऊ दे. एवढं लिहून राग थोडा उतरला. वक्ते माणूस वाईट नव्हते. तरुण पोरगा, माझ्या विद्यार्थ्यांएवढाच, घामानं शर्ट भिजलेला. कार्यक्रम संपल्यावर जिन्यात गाठलं आणि तुरीचं सगळं सांगितलं. शेवटचंही सांगितलं, जे मी फारसं कुणाला सांगत नाही. गेट लागल्यावर आण्णांनी ट्रॅक्टर वळवला, तूर व्यापाऱ्याला 3,800 नं घातली, आणि थोड्याच दिवसांत जाहीर झालं की 22 तारखेपर्यंत रांगेत असलेली तूर सरकार घेणार. आण्णांनी बातमी वाचली, पेपर घडी करून उशाखाली ठेवला आणि गोठ्यात गेले. त्या पोरानं वहीत काहीतरी लिहून घेतलं. इंग्रजीत लिहिलं, पण लिहिलं.

मी त्याला पुढच्या रविवारी गावाकडं बोलावलंय. समोसा नाही, पिठलं-भाकरी. येतो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

घरी आल्यावर आण्णांना फोन केला. सगळं शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, 'येऊ दे की. पण मराठीत बोलतंय ना ते?'