सेमी इंग्रजी आणि लांब गेलेला सूर्य

घरच्या ग्रुपवर परत तोच वाद सुरू झालाय, सायन्स सेमी इंग्रजीत शिकवायचं की मराठीत. मी जर्मनीत कीलला फिजिक्स शिक्षणावर पीएचडी करतेय म्हणून सगळे म्हणतात तू सांग. मला मात्र आधी विचारावंसं वाटतं, पोरांना काय कळलंय ते कुणी ऐकलंय का?

माझं कामच ते. सातवीच्या मुलांना विचारते, हिवाळा का येतो? इथे डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजाच्या जेमतेम 12 अंश वर, आणि बरीच मुलं सांगतात पृथ्वी सूर्यापासून लांब जाते म्हणून. सुट्टीत जळगावला भाचीला विचारलं, ती सेमीत आहे, तिने 'टिल्टेड ॲक्सिस' (पृथ्वीचा आस कललेला आहे, हे खरं कारण) घडाघडा म्हणून दाखवलं, पूर्ण मार्क मिळाले असते. म्हटलं आता मराठीत, तुझ्या शब्दांत सांग, तर म्हणाली, "मावशी, थंडीत सूर्य लांब जातो ना." खरं तर जानेवारीच्या सुरुवातीलाच पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, 14.7 कोटी किमीवर, जुलैत 15.2 कोटी. मराठीत विचारलं नसतं तर हे कळलंच नसतं, म्हणून मी मराठीच्या बाजूची. पण तेवढ्याने भागत नाही, ही जर्मन मुलं जर्मनमधेच शिकतात की!

हे शोधायला माणसं लागतात. कीलमधे आयपीएन ही संस्था 1966 पासून याच कामाला आहे, पीएचडी म्हणजे इथे पगारी नोकरी (करार संपल्यावर पुढे काय ही धाकधूक इथेही आहेच). आपल्याकडे मानखुर्दचं होमी भाभा केंद्र 1974 पासून आहे, तिथे विज्ञान शिक्षणात पीएचडी होते, सत्तरच्या दशकात त्यांनी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या शाळांमधे काम केलंय. पण असं एकच केंद्र पुरणार कसं? मी एका विद्यापीठात चौकशी केली तर फिजिक्सवाले म्हणाले हे एज्युकेशन, एज्युकेशनवाले म्हणाले एमएड आणा. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक पीएचडीवाल्याने शिकवण्याचा कोर्स करायचा असं लिहिलंय, मग तो कोर्स शिकवणार कोण, ते आधी तयार करा ना.

काल ग्रुपवर म्हटलं, पोरांना हिवाळ्याचं विचारा आणि उत्तर न सुधारता पाठवा. बहुतेकांचा सूर्य लांबच गेलाय. एका चौथीतल्या मुलाने मात्र उलट विचारलंय, मग डिसेंबरात ऑस्ट्रेलियात मॅच असते तेव्हा तिकडे उन्हाळा कसा?