गच्चीवरून तेजोमेघ टिपता येतो

व्हॉट्सॲपवर सध्या एक मजकूर फिरतो आहे: ‘तारे लुकलुकतात म्हणजे हवा अस्थिर. तेजोमेघाच्या फोटोला उंच डोंगर आणि मोठी दुर्बीणच लागते. घरून काढलेले फोटो म्हणजे संगणकावरची रंगरंगोटी.’ तो वाचून माझ्या भाचीने ट्रायपॉड माळ्यावर टाकला, म्हणून हे लिहिते आहे. तेजोमेघ म्हणजे अवकाशातला वायू आणि धुळीचा ढग.

हवा हलते हे खरंच. गरम-थंड थरांतून येताना किरण वाकतो, ताऱ्याचा ठिपका थरथरतो आणि पसरतो. पण किती? साधारण रात्री दोन ते चार विकला. एका अंशात ३६०० विकला असतात, आणि मृग नक्षत्रातला तेजोमेघ जवळपास अंशभर पसरलेला, दोन पूर्ण चंद्र शेजारी ठेवावेत एवढा! १३५ मिमीची लेन्स आणि चार मायक्रॉनचा पिक्सेल धरला तर एका पिक्सेलात सहा विकला आकाश मावतं. थरथर तिथेच जिरते. स्थिर ट्रायपॉडवर पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारा सेकंदाला सुमारे १५ विकला सरकतो, त्याची काळजी आधी करा. गुरूचे पट्टे टिपायचे असतील तर मात्र हवा खरंच छळते, आणि तिथे नुसती मोठी दुर्बीण घेऊनही ती शांत होत नाही.

उरलेला त्रास पुष्कळदा आपल्याच घराचा असतो. दिवसभर तापलेला स्लॅब आणि शेजारचे पत्रे रात्री ऊब सोडतात. पत्र्यांवरून नेम धरू नये, नक्षत्र वर चढू द्यावं. ३० अंशांवर डोक्यावरच्या दुप्पट हवा आडवी येते. साताऱ्यातून हा तेजोमेघ ६७ अंशांपर्यंत चढतो, लंडनमधून जेमतेम ३३. तरीही १८८३ मध्ये अँड्र्यू कॉमन या हौशी खगोलनिरीक्षकांनी लंडनजवळ ईलिंगला, घरच्या बागेतून त्याचा असा फोटो काढला की डोळ्यांना न दिसणारे तारेही उमटले. त्यांची दुर्बीण ३६ इंची होती, हे मान्य. पण डोंगर नव्हता. आणि आजचा सेन्सर त्या काचेच्या प्लेटपेक्षा कितीतरी संवेदनशील आहे.

रंगांचं म्हणाल तर हबल अवकाश दुर्बिणीने १९९५ मध्ये टिपलेल्या, वायू-धुळीच्या स्तंभांच्या प्रसिद्ध फोटोत रंग नेमून दिलेले होते. तेजोमेघाचा लाल मात्र हायड्रोजनचा खरा प्रकाश आहे, ६५६ नॅनोमीटर तरंगलांबीचा. अंधारात आपल्या डोळ्यांना तो कळत नाही, एवढंच. संगणकावर आपण शंभर फ्रेम एकत्र करतो, त्याने फोटोतला गोंगाट, म्हणजे दाणेदारपणा, दहापट घटतो. याला रंगरंगोटी म्हणणं अन्याय आहे.

खऱ्या अडथळ्याचं त्या मजकुरात नावही नाही: रस्त्यावरचे पांढरे एलईडी. त्यांच्याकडे पाठ होईल असा गच्चीचा कोपरा शोधावा, अमावास्येच्या आसपासची रात्र धरावी.

भाचीला मी वेळ काढून दिली आहे. जानेवारीच्या मध्यावर, रात्री साडेदहाच्या सुमारास मृग अजिंक्यतारा किल्ल्याच्या वर, ऐन दक्षिणेला असेल. एकेका सेकंदाच्या दोनशे फ्रेम, आणि दंव पुसायला मऊ फडकं.