रुमाल टाकून गेलो होतो

एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकला की जागा आपली. बेळगावच्या स्टँडवर यावरून कितीही तोंडं वाजली तरी रुमालाचा मान अजून टिकून आहे. मीपण तसाच रुमाल टाकून गेलो होतो. पोकेमॉनच्या साठ कार्डांचा डेक, म्हणजे खेळायचा गठ्ठा, प्लॅस्टिकच्या स्लीव्ह घालून, डब्यात भरून, कपाटात. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन, बहिणीचं लग्न, उद्यमबागेत नवी नोकरी आणि तिच्या फिरत्या पाळ्या, असं करत दीड वर्ष गेलं. परत आलो तर सीट राहू दे, गाडीच दुसरी. वर कंडक्टर मलाच विचारतोय, हे कुठलं तिकीट?

पोकेमॉनच्या कार्डांची स्पर्धा म्हटल्यावर ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या, मला सवय आहे. आमच्या घरी याला 'पत्ते' म्हणतात. आई शेजारच्या काकूंना सांगते, "पत्त्यांच्या नादानं पुण्याला चाललाय," आणि काकू अशा बघतात की पोरगं तीनपत्तीत शेत घालवून आलंय. सुपरवायझरकडं सुट्टी मागायला गेलो, म्हटलं स्पर्धा आहे. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "कुस्ती?"

तर डेक बाद झाला तो एका अक्षरापायी. प्रत्येक कार्डाच्या खाली डाव्या कोपऱ्यात एक अक्षर छापलेलं असतं, मुंगीएवढं. एफ, जी, एच, आय असं. स्टँडर्ड फॉरमॅटमध्ये, म्हणजे नेहमीच्या स्पर्धांत, कुठलं कार्ड चालणार ते त्या मुंगीवर ठरतं, आणि साधारण दरवर्षी जुन्यातली एक मुंगी मरते. २०२५ च्या एप्रिलमध्ये एफ मेली. माझ्या डेकचा सगळा गाभा एफ होता. कॉम्फी, क्रॅमोरंट, सेबलाय, मिराज गेट, सगळी २०२२ च्या लॉस्ट ओरिजिन सेटमधली. चार-चार कार्डं एकेक करून जमवलेली, पगारातनं वाचवून. हरून गेली असती तर काही वाटलं नसतं. ही बसल्या जागी, कपाटात, अंधारात बाद झाली.

एफ जाणार हे मला माहीत नव्हतं असं नाही. गल्लीतलं नव्वदीचं म्हातारं कधीतरी जाणार हेही माहीतच असतं की. आणि अक्षरं बदलली नाहीत तर जन्मभर तेच चार डेक आमनेसामने बसतील, हेही मला कळतं. पण मग हे सांगा. माझ्याकडं २०१७ च्या सन अँड मून सेटमधला नेस्ट बॉल आहे (पोकेमॉन नव्हे, मदतीचं कार्ड, यांना आयटम म्हणतात), कडा झिजून पांढऱ्या पडलेल्या. तो २०२५ मध्ये चालत होता. का? तर तेच कार्ड त्याच नावानं नंतर जी अक्षरावर पुन्हा छापलं, म्हणून जुनंही वैध. म्हणजे आजोबा पास आणि नातू नापास. हे नवीन माणसाला समजावून सांगायला जा, तो म्हणेल तुमच्या तलाठी ऑफिसात चालतो का हा खेळ.

बरं, बेळगावात कुणाला समजावणार? इथं टेबलावर बसून खेळणारा माझ्या ओळखीत एक होता, तो नोकरीसाठी हैदराबादला गेला. बाकी सगळे मोबाइलवाले. २०२४ च्या ऑक्टोबरात ते पॉकेट नावाचं ॲप आलं, तेव्हापासून जो तो म्हणतो, "अरे आम्हीपण खेळतो की!" काय खेळतोस बाबा? वीस कार्डांचा डेक, तीन पॉइंट झाले की डाव खलास. चहा गार व्हायच्या आत संपतो. वाईट नाही, पण गल्ली क्रिकेट खेळणाऱ्यानं रणजीवाल्याच्या खांद्यावर हात टाकावा तसं वाटतं. (माझी रणजी कशी झाली ते पुढं येतंच आहे.)

नवा डेक जमवायचा ठरवला. ड्रॅगापुल्ट नावाच्या पोकेमॉनचा निवडला, आणि त्याला कारण होतं. माझी लाडकी कॉम्फी काय करायची? डेकवरची दोन कार्डं बघायची, एक हातात घ्यायचं, दुसरं लॉस्ट झोनमध्ये. लॉस्ट झोन म्हणजे गेलं ते गेलं, त्या डावात परत नाही. प्रत्येक वेळी जीव खालीवर व्हायचा, कारण काय ठेवायचं आणि काय कायमचं सोडायचं हे तुम्ही ठरवायचं. ड्रॅगापुल्टच्या आधीचं रूप ड्रॅक्लोक. तोपण दोन बघतो, एक घेतो, फक्त दुसरं डेकच्या तळाशी जातं. म्हटलं, झालं, आपल्या हाताला हे वळण आहेच. हे वाक्य लक्षात ठेवा.

कार्डं मागवली मुंबईच्या एका विक्रेत्याकडून. आता पत्ता. २०१४ मध्ये सरकारनं बेळगावचं बेळगावी केलं, पण कुठल्या यादीत काय सापडेल याचा नेम नाही. कुठं बेळगाव, कुठं बेळगावी, कुठं दोन्ही आणि दोन्हीचे दर वेगळे. पिनकोड पाचनं सुरू होतो म्हणून कुरियरची बाई कन्नडात बोलते, आडनाव बघून हिंदीत येते, मी मराठीत उत्तर दिलं की गप्प होते. दोन पार्सलं निघाली. एक आलं. दुसऱ्यात दोन बडू होते. बडू म्हणजे इवलंसं कळीचं पोकेमॉन, जीव फक्त तीस एचपी, फुंकर मारली तर मरेल. पण त्याचा हल्ला फुकट, एनर्जी लागत नाही, आणि तो झाला की समोरच्याला पुढच्या वेळी हातातलं एकही आयटम कार्ड खेळता येत नाही. ड्रॅगापुल्टला तो हवाच. ते पार्सल आठवडाभर 'मार्गस्थ' होतं. कुठल्या मार्गानं, देव जाणे. आणि शनिवारी एक नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी, म्हणजे आशाच नको.

आता स्पर्धा नेमकी रविवारी, दोन तारखेला. बेळगावचा एक नोव्हेंबर ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. सकाळी आमच्यातले काळा दिन पाळतात, संध्याकाळी चन्नम्मा सर्कलकडं राज्योत्सवाची मिरवणूक, डीजे, सगळं शहर रस्त्यावर आणि रस्ते बंद. माझी स्लीपर बस नेहमीच्या जागी येणार नाही, हायवेला या, म्हणून फोन आला. रिक्षावाल्यानं जो आकडा सांगितला त्यात एक चांगलं कार्ड आलं असतं.

"वंदे भारतनं जायचं की!" हे सांगणारे तीन जण भेटले. हुबळीहून पुण्याला जाते, बेळगावला थांबते, रविवारी असते, सगळं मान्य. पुण्यात पोचते दुपारी दीडला. स्पर्धा अकराला. मी काय बक्षीस समारंभाला टाळ्या वाजवायला जाऊ?

म्हणून बस. कोगनोळी नाका ओलांडला आणि कागलपासून पुढं साताऱ्यापर्यंत ते सहापदरीकरण. वर्षानुवर्षं चाललंय. सर्व्हिस रोडवर उतरा, परत चढा, वळसा घ्या. वरच्या बर्थवर पोटाशी डेकचा डबा धरून मी रात्रभर असा हललो की डेक वेगळा पिसायची गरज नव्हती. पहाटे सहाला स्वारगेटला उतरलो. दुकान उघडणार साडेदहाला. साडेचार तास माणसानं कुठं बसायचं? चार कटिंग झाले, पाचव्याला चहावाल्यानंच विचारलं, मुलाखत आहे का.

दुकानात शिरलो तर पुढचं मोठं टेबल कलेक्टर मंडळींनी व्यापलेलं. मोबाइल स्टँडवर, लाइट लावलेला, पाकिटं फोडणं चालू. यांना चमकणारी ईव्ही पाहिजे, म्हणजे त्या नावाच्या पोकेमॉनचं कार्ड. हाती लागली की प्लॅस्टिकच्या पेटीत, आणि जन्मात परत टेबलावर येणार नाही. यांच्यापायी २०२५ च्या जानेवारीत तो प्रिझमॅटिक इव्होल्यूशन्स सेट आला आणि गायब झाला, आणि माझा तो बडू त्याच सेटमधला. एकानं माझा डेक बघून काळजीनं विचारलं, "खेळता यानं? खराब होतात ना खेळून?" पायपुसणं पाय पुसून खराब होतं, हो.

पाच फेऱ्या होत्या. पहिली फेरी. ड्रॅक्लोक बसवला, दोन कार्डं बघितली, एक हातात घेतलं, दुसरं सवयीनं उजवीकडं बाजूला ठेवलं. समोरचा बघत राहिला.

"हे काय?"

"लॉस्ट झोन," मी म्हणालो. तोंडातून गेल्यावर कळलं.

तो हसला नाही, हसला असता तर बरं झालं असतं. त्यानं हात वर करून जजला बोलावलं. जज कॉलेजातलं पोर, स्वभावानं चांगलं. कार्ड तळाशी ठेवलं, मला वॉर्निंग दिली आणि हळूच विचारलं, "सर, किती दिवसांनी खेळताय?" दिवस! मोबाइलवर सराव केला होता ओ मी, त्या पॉकेटवर नाही, साठ कार्डांच्या पूर्ण खेळाच्या ॲपवर, महिनाभर, नाइट शिफ्टनंतर. पण मोबाइलवर तळाशी जायचं कार्ड आपोआप तळाशी जातं. प्राइझ कार्डं, म्हणजे समोरचा पोकेमॉन पाडला की उचलायची आपली सहा कार्डं, सगळी उचलली की डाव जिंकला, तीपण आपोआप मांडली जातात, आपोआप उचलली जातात. तिथं डोकं शिकतं, हात काही शिकत नाही. टेबलावर मी एक पोकेमॉन पाडून प्राइझ उचलायचंच विसरलो, ॲप उचलेल म्हणून वाट बघत बसलो.

दुसऱ्या फेरीत शाळेतला मुलगा. त्याच्याकडं बडू होता. असणारच, सगळ्यांकडं होता. माझ्या हातात चार आयटम, आणि मी त्यातला तो आजोबा नेस्ट बॉल टेबलावर ठेवला. "काका, आयटम लॉक आहे," तो म्हणाला. इतक्या शांतपणे की जणू माझी पँटची चेन उघडी आहे हे चारचौघांत हळू सांगतोय. मी कार्ड परत घेतलं. काका! मला अजून तिशी लागायचीय.

तिसऱ्या फेरीत परत तेच. ड्रॅक्लोक, दोन कार्डं, एक हातात, दुसरं उजवीकडं. या वेळी नुसती वॉर्निंग नाही, समोरच्याला एक प्राइझ. सहापैकी एक मी माझ्या हातानं वाटून दिलं. बाकीची त्यानं रीतसर घेतली.

चौथ्या फेरीचा गडी गप्पिष्ट निघाला. डेक पिसता पिसता, "कुठून आलात?" बेळगाव. "म्हणजे कर्नाटक ना? मग बेंगळुरूला का नाही खेळत?" कारण बेंगळुरू पाचशे किलोमीटर आहे आणि पुणे साडेतीनशेच्या आत, म्हणून! कारण तिथं गेलो की विचारतात, मराठी आहात तर पुण्याला का नाही जात! पण हे मी मनात म्हणालो, कारण तोवर त्यानं पुढचा बाण सोडला होता. "मराठी छान बोलता हो तुम्ही." आजीनं पाळण्यात ज्या भाषेत गाणी म्हटली ती मी छान बोलतो, हे कळून मला लई आनंद झाला. तिकडं त्याचा मेगा लुकारिओ माझ्या नाकासमोर उभा. या मेगावाल्यांना पाडलं तर तीन प्राइझ मिळतात, हे मला तिथं कळलं. पाडता आलं असतं तर उपयोगही झाला असता.

पाचवी फेरी मी जिंकलो. संख्या विषम होती, मी तळाला होतो, मला बाय मिळाला. समोर कुणी नव्हतं. रिकाम्या खुर्चीसमोर अर्धा तास बसलो आणि निकालाच्या कागदावर माझ्या नावापुढं तेवढा एक विजय लागला.

आणि प्रत्येकानं तेच सांगितलं, दुकानदारानं, जजनं, त्या शाळेतल्या पोरानंसुद्धा. "ब्रेक झाला ना, म्हणून." ब्रेक! मी काय गोव्याला जाऊन पडलो होतो? "दर आठवड्याला येत जा, हात बसेल." दर आठवड्याला. यांच्यातला एक जण घरून स्कूटरवर पंधरा मिनिटांत आला होता आणि उशीर झाला म्हणून कुरकुरत होता.

सोमवारी सकाळी उतरलो, तोंड धुतलं, फर्स्ट शिफ्ट गाठली. सुपरवायझर म्हणाला, "काय पैलवान, जिंकलास?" मी म्हटलं, एक जिंकली.

दोन बडू मंगळवारी आले. पाकीट मळलेलं, तीन ठिकाणचे शिक्के, आणि वर छापलेला पत्ता: बेळगाव, महाराष्ट्र. १९५६ पासून जे कुणाला जमलं नाही, ज्याचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, ते त्या लेबल चिकटवणाऱ्यानं परस्पर करून टाकलं. बाबांनी ते पाकीट फेकू दिलं नाही, टीव्हीवर उभं करून ठेवलंय. बडू डब्यात आहेत. अक्षर बघितलं, एच आहे. नेस्ट बॉल जीचा.