बिनखुर्चीचा प्रेक्षक

नमस्कार. व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेरात उभ्या जागेच्या तिकिटावर पुचिनीचा 'तोस्का' हा ऑपेरा कसा पाहिला, हे मी लिहिलं आणि त्यावर तुमची खरमरीत प्रतिक्रिया आली. नुसती खरमरीत असती तर खाली दोन ओळी लिहून मोकळी झाले असते. पण तिच्यात मुद्दे आहेत, म्हणून सवडीनं लिहिते.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं, की युरोपच्या सहलीवर दोन-तीन लाख उधळायचे आणि ऑपेराच्या दारात मात्र दहा-पंधरा युरोंवर अडून बसायचं, ही रसिकता नव्हे, चिक्कूपणा आहे. इटालियनचं ओ की ठो कळत नसताना पाय मोडेस्तोवर उभं राहून मिळतं काय, तर घरी येऊन सांगायची सोय. शिवाय त्या जागा तिथल्या विद्यार्थ्यांसाठी असतात आणि माझ्यासारखे पर्यटक त्या बळकावतात. शेवटी तुम्ही विचारलंय, की मे महिन्यात तुम्ही दोघं तिकडे निघालाय, गुडघे बोलतायत, तर तुमच्यासारख्यांनी काय करायचं?

चिक्कू मी आहेच, त्याबद्दल घरातलेही दुजोरा देतील. पण उभी जागा म्हणजे उरलीसुरली जागा हा तुमचा समज मला खोडायचाय. ही जागा तीन ठिकाणी आहे: तळमजल्यावर, बाल्कनीत आणि सगळ्यात वर गॅलरीत. तळमजल्यावरची जागा कुठे आहे बघा. खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेमागे, बरोबर मधोमध, पूर्वी जिथे बादशहाची लोज, म्हणजे स्वतंत्र बैठकीचा कक्ष, होती तिच्या थेट खाली. रंगमंच नाकासमोर. पायऱ्यापायऱ्यांची रचना असल्यानं पुढच्याचं डोकंही फारसं आड येत नाही. त्याच सरळ रेषेत पुढे बसलेल्या माणसानं एखाद्या गाजलेल्या गायकाच्या रात्री दोनशे युरोंच्या वर मोजलेले असतात. तिथे आणखी चार रांगा टाकून विकणं थिएटरला जमलं नसतं का?

जमलं असतं, आणि तशी संधीही एकदा आली होती. 12 मार्च 1945 ला या इमारतीवर बॉम्ब पडले. दर्शनी भाग आणि तो फोटोत दिसणारा मोठा जिना वाचला. प्रेक्षागृह आणि रंगमंच जळून गेले. पुढची दहा वर्षं ऑपेरा शहरातल्या दुसऱ्या थिएटरांत चालला आणि 5 नोव्हेंबर 1955 ला बेथोव्हनच्या 'फिदेलिओ'नं नव्या प्रेक्षागृहाचा पडदा उघडला. युद्धानं पार धुऊन निघालेल्या देशानं प्रत्येक चौरस फुटाचा हिशोब मांडून हे बांधलं असणार, आणि तरीही त्यात पाचशेहून जास्त माणसं उभी राहतील एवढी जागा ठेवली. ती सोय कुणाच्या नजरचुकीनं राहिलेली नाही.

आणि ऐकायला काय मिळतं? व्हिएन्ना फिलहार्मोनिक या जगप्रसिद्ध वाद्यवृंदाचे वादक याच ऑपेराच्या वाद्यवृंदातून घेतलेले असतात. 1 जानेवारीला ज्यांची मैफल जगभर टीव्हीवर दाखवतात आणि जिच्या तिकिटांसाठी सोडत काढावी लागते, तेच लोक एरवी संध्याकाळी खाली पिटमध्ये, म्हणजे रंगमंचापुढच्या खोलगट जागेत, वाजवत असतात. 'तोस्का'च्या पहिल्या अंकाच्या शेवटी चर्चमधली मिरवणूक, घंटा, तोफा आणि ऑर्गन एकावर एक चढत जातात, तेव्हा हाताखालचा कठडा थरथरतो. तळहाताला कळतं ते. हे मखमली खुर्चीत कळत असेल तर कळवा.

उलट खुर्चीच्या मोहात पैसे कसे वाया जातात तेही सांगते, कारण माझ्या मूळ लेखात हे नीट आलं नव्हतं. बाजूच्या लोजमध्ये मागच्या खुर्च्या स्वस्तात मिळतात. उभ्या तिकिटाहून थोडीच जास्त रक्कम बघून वाटतं, चला, बसायची सोय झाली. पण तिथून रंगमंचाचा कोपरा दिसतो, किंवा तोही नाही. दिसावं म्हणून माणूस पुढच्याच्या खांद्यावरून वाकत राहतो आणि शेवटी उभाच राहतो. दृश्याला अडथळा आहे असं तिकीट काढतानाच लिहिलेलं असतं. आपण ते वाचत नाही.

याहून वाईट सौदा बाहेर फुटपाथवर होतो. पांढरा विग, लाल किंवा सोनेरी कोट घातलेले, मोझार्टचं सोंग घेतलेले विक्रेते हातात फाइल घेऊन ऑपेराच्या आसपास फिरत असतात. ते विकतात ती पर्यटकांसाठी भरवलेल्या मैफलींची तिकिटं. स्टेट ऑपेराच्या प्रयोगाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. पन्नास-साठ युरो देऊन 'ऑपेरा पाहिला' असं समजणारे आपले कितीतरी लोक मला भेटलेत. चिक्कूपणा त्यांनी करायला हवा होता.

आता भाषा. तुम्हीच लिहिलंय, की सवाई गंधर्व महोत्सव तुम्ही कधी चुकवत नाही आणि खुर्ची परवडत असूनही भारतीय बैठकीवरच बसता, कारण खरे कान तिथे असतात. मग व्हिएन्नाच्या भारतीय बैठकीवर एवढा राग का? आणि सवाईत विलंबित ख्यालातले किती शब्द कळतात आपल्याला? मला तर दोन ओळींची बंदिश तासभर ऐकूनही पुष्कळदा धड सांगता येत नाही.

शिवाय तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या व्हिएन्नाकराला तरी इटालियन कुठे येतं? एकेकाळी तिथे सगळे ऑपेरे जर्मनमध्येच गायचे, पुचिनीसुद्धा. 1956 मध्ये हर्बर्ट फॉन कारायान या नामवंत संगीत-संचालकाच्या हाती सूत्रं आली आणि मूळ भाषेत गाण्याची पद्धत रुजली. म्हणजे न कळणाऱ्या भाषेत ऑपेरा ऐकणं हा आता तिथल्या लोकांचाही शिरस्ता आहे. सोयीला प्रत्येक प्रेक्षकापुढे छोटा पडदा असतो, आठेक भाषांतून निवडा. तो उभ्या जागेच्या कठड्यावरही असतो. मराठी नाही, इंग्रजी आहे. मी सुरुवातीला तो वाचत बसले आणि दुसऱ्या अंकात बंद करून टाकला. 'तोस्का'तल्या खलनायकाला, पोलीसप्रमुख स्कार्पियाला, काय हवंय ते कळायला कुठलीच भाषा लागत नाही.

अर्थात कथा वाचून जायला हवी. दोनदा रेकॉर्डिंग ऐकून जायला हवं, तेही फुकटात होतं. मुंबईकरांना एनसीपीए या कलाकेंद्रात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे प्रयोग मोठ्या पडद्यावर पाहायची सोय आहे. आणि उभं राहायचं असेल तर निवड डोकं चालवून करा. 'तोस्का'चे अंक साधारण पाऊण तास, चाळीस मिनिटं आणि अर्धा तास असे उतरत जातात, मध्ये मध्यंतरं. 'ला बोएम'ही मध्यंतर सोडलं तर दोन तासांच्या आत आटोपतो. 'सलोमे' पावणेदोन तासांचा, पण मध्यंतर नाही. वाग्नर या जर्मन संगीतकाराचे पाच-पाच तासांचे प्रयोग उभ्यानं बघणारे महाभाग आहेत. त्यांना माझा लांबून नमस्कार.

तुम्ही म्हणता तसं हा प्रेक्षक फुकट्या असतो का? मिलानच्या स्काला थिएटरात वरच्या स्वस्त गॅलरीला लोज्जोने म्हणतात. तिथल्या लोकांनी डिसेंबर 2006 मध्ये 'आयदा'त रोबेर्तो अलान्या या नावाजलेल्या गायकाची पहिल्याच गाण्यानंतर हुर्यो उडवली. तो सरळ चालता झाला आणि बदली गायकाला अंगावरच्या रोजच्या कपड्यांत रंगमंचावर ढकलावं लागलं. गाणाऱ्या माणसाला असं हुसकावणं मला मुळीच रुचत नाही. पण महागड्या खुर्च्यांतून एवढी कानाची पारख असलेली आणि कुणाचीच भीड न बाळगणारी माणसं निघत नाहीत, हेही खरं.

व्हिएन्नात ही मंडळी जास्त प्रेमळ आहेत. एप्रिल 2016 मध्ये 'तोस्का'च्या तिसऱ्या अंकात योनास काउफमान या गायकानं त्यातलं गाजलेलं गाणं म्हटलं आणि टाळ्या थांबेनात. अखेर त्यानं ते पुन्हा म्हटलं. आपल्या संगीत नाटकातला वन्स मोअरच म्हणा. पण तोस्का झालेली अँजेला गेओर्ग्यू ठरल्या वेळी रंगमंचावर आलीच नाही. वाद्यवृंद तिच्या प्रवेशाचं संगीत वाजवतोय आणि काउफमान एकटाच उभा. त्यानं खांदे उडवून इटालियनमध्ये गाऊन टाकलं, की आमच्याकडे सोप्रानोच (उंच पट्टीची गायिकाच) नाहीये! प्रेक्षागृह खो-खो हसलं.

तरी उभी राहणारी माणसं सगळी थोर असतात, असं मला म्हणायचं नाही. विशीतला हिटलरही याच इमारतीत उभ्या जागेवरून वाग्नर ऐकायचा. उत्तम संगीतानं माणूस उन्नत होतो म्हणणाऱ्यांना मी हे नाव हळूच सांगते.

आता तुमचा सगळ्यात टोचलेला मुद्दा. जागा बळकावण्याचा.

हा हवेतला आरोप नाही. या थिएटरच्या खर्चाचा मोठा वाटा ऑस्ट्रियाच्या सरकारी तिजोरीतून येतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत उभं तिकीट तीन-चार युरोंना मिळायचं, आता दहाच्या पुढे गेलंय, आणि जुनी मंडळी याचं खापर पर्यटकांवर फोडतात. रांगेत माझ्यापुढे एक आजी होत्या. सपाट बुटं, घडीचं स्टूल, पिशवीत सँडविच आणि दुर्बीण. मी पहिल्यांदाच आले म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहून पहिला प्रश्न विचारला: "मध्यंतरात जाणार का?" एवढंच. नाव-गाव काही नाही. कारण पर्यटक हेच करतात. एक अंक पाहतात, झुंबराचा फोटो, स्वतःचा फोटो, मोबाइलचा उजेड शेजाऱ्याच्या डोळ्यांत, आणि निघाले जेवायला. त्यांची जागा पुढचे दोन तास रिकामी राहते आणि बाहेर तिकीट न मिळालेला कुणी विद्यार्थी परत गेलेला असतो.

नाही जाणार म्हटल्यावर आजींनी मला रुमाल बांधायला शिकवलं. तिथला जुना रिवाज असा: आत शिरलं की कठड्याला रुमाल किंवा स्कार्फ बांधायचा, की ती जागा तुमची. मग खुशाल बाहेर जा, पाणी प्या, पाय मोकळे करा. कुणी तो रुमाल काढत नाही. मी नुसती ओढणी टाकून ठेवली होती. त्यांनी ती उचलली, कठड्याखालून घेऊन दोनदा गुंडाळली आणि घट्ट गाठ मारली. नुसती टाकलेली चालत नाही, म्हणाल्या, बांधलेली पाहिजे.

तेव्हा पर्यटकानं जाऊच नये, हे मला मान्य नाही. ज्या जागेला ना पासपोर्ट विचारतात ना विद्यार्थ्याचं ओळखपत्र, ती सगळ्यांची आहे. पण तिचे नियम पाळा. शेवटपर्यंत थांबा. मोबाइल बंद ठेवा. कोट आणि पाठीवरची सॅक बाहेर जमा करा. शॉर्ट्स आणि स्लिपर घालून जाऊ नका; साडीची गरज नाही, साधी स्वच्छ पँट चालते. आणि खरंच थकलात, जायचंच ठरलं, तर बांधलेला रुमाल काढून न्या, म्हणजे मागच्याला पुढे सरकता येईल. एवढं करणाऱ्याला बळकावणारा म्हणू नका. उलट आपल्या टूरवाल्यांचं बघा: ऑपेरासमोर दहा मिनिटं बस थांबवतात, फोटो काढायला लावतात, आणि आत उभ्यानं का होईना पाहता येतं हे कुणालाच सांगत नाहीत.

तिकीट प्रयोगाच्याच दिवशी सकाळी दहापासून ऑनलाइन सुटतं. संध्याकाळी थिएटरच्या बाजूच्या खिडकीवर प्रयोगाआधी सुमारे दीड तास विक्री सुरू होते, माणशी एक. निघण्यापूर्वी थिएटरच्या संस्थळावर एकदा पाहून घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये थिएटर बंद असतं, तेव्हा त्या महिन्यांत जाणाऱ्यांनी उगाच दार ठोठावू नये.

राहिले तुमचे गुडघे. मे महिना तुमच्या पथ्यावर पडणारा आहे. एप्रिल, मे, जून आणि सप्टेंबरमध्ये आत चालू असलेले कितीतरी प्रयोग बाहेर, थिएटरच्या बाजूच्या कारायान चौकात मोठ्या पडद्यावर त्याच क्षणी दाखवतात. तिकीट नाही, पोशाखाचं बंधन नाही, आणि बसायला खुर्च्या असतात. फक्त लवकर जाऊन धराव्या लागतात. संध्याकाळी गारठा असतो, वहिनींना शाल घ्यायला सांगा. पावसाची छत्री असू द्या, पण मागच्याच्या अंगावर पाणी न सांडणारी.

आतच बसायचं असेल तर लोज टाळा आणि गॅलरीतल्या मधल्या खुर्च्या आधीच काढून ठेवा. उंच आहेत, पण लिफ्ट आहे आणि आवाज तिथे सुंदर पोचतो. वहिनींना हलकंफुलकं आवडत असेल तर शहरातल्याच फोल्क्सऑपर या दुसऱ्या थिएटरात ऑपेरेटा, म्हणजे विनोदी संगीतिका, बघा, तिथे दर बरेच कमी आहेत. तारखा कळवल्यात तर त्या आठवड्यात काय लागलंय ते मी बघून ठेवते. 'तोस्का' असला तर सोडू नका. मारगारेटे वालमान यांनी बसवलेला 1958 चा प्रयोग तिथे अजून चालतो, सहाशेहून जास्त वेळा झालाय. त्यातलं चर्च चर्चसारखं दिसतं आणि किल्ला किल्ल्यासारखा. हल्लीच्या दिग्दर्शकांच्या हाती लागला असता तर दोन्हींचं विमानतळ झालं असतं.