थेंबभर रगात

माझी शीर सापडत नाही. ही तक्रार माझी नव्हे, आजवर माझ्या दंडाला रबरी पट्टा आवळलेल्या प्रत्येकाची आहे. मूठ वळा, सोडा, परत वळा असं करत कोपराच्या खळग्यात ते इतका वेळ टकटक करतात, की आत कोणी असतं तर एव्हाना कडी काढून बाहेर आलं असतं. म्हणून पुण्यात संशोधन करणारी पुतणी फोनवर म्हणाली, "काका, शीरबीर काही नाही, बोटातून फक्त पाच थेंब, तेही घरबसल्या," तेव्हा मी विज्ञानाच्या सेवेला लगेच हजर झालो. महिना कुठला चाललाय, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. आषाढ होता. आणि आमचं घर देवगडच्या बाजूला.

पाकीट आलं. त्यात पाच वर्तुळं छापलेला जाडसर गाळणकागद, दोन लॅन्सेट, कापूस, पट्टी, चेनवाली पिशवी आणि निळ्या मण्यांची पुडी. सोबत चार पानी सूचना. एका वर्तुळाला साधारण ५० मायक्रोलीटर, पाचही मिळून पाव मिलिलीटर, म्हणजे चहाच्या चमच्याचा विसावा हिस्सा. आमच्याकडचा डास एका बैठकीला याहून कमीच नेतो म्हणा, पण तो सूचना वाचायला लावत नाही.

लॅन्सेट म्हणजे शाईच्या पेनाच्या टोपणाएवढी प्लास्टिकची डबी. आत स्प्रिंग, स्प्रिंगपुढे सुई. दाबलं की टक्, सुई बाहेर येते आणि परत आत जाते, ती कायमची. एक डबी एकदाच. पहिली मी 'कशी चालते बघू' म्हणून टेबलावर दाबली. टेबलाला काही झालं नाही. दुसरी अनामिकेच्या कडेला टेकवून बसलो. कडेलाच का, तर बोटाच्या मधोमध जास्त दुखतं. एक दोन तीन म्हणायचं आणि तीनला थांबायचं, असं सातआठ वेळा झालं. शेवटी बायको म्हणाली, "अहो, इकडे बघू," आणि मी बघेपर्यंत टक्.

पहिला थेंब छान टपोरा आला. तो पुसून टाकायचा, अशी सूचना. "पयलोच फुकट?" आई पडवीतून म्हणाली. पुढचे थेंब येईनात. बायकोने रातांबा पिळावा तसं बोट पिळायला घेतलं, तेवढ्यात व्हिडिओ कॉलवरून पुतणी ओरडली, "काकू, पिळू नका! आतलं पाणी रक्तात मिसळतं, मग आकडे चुकतात." म्हणून मी कोमट पाण्यात हात बुडवला, पुसला, खाली लोंबकळत सोडला आणि फणस उतरवून दमलेल्या गड्यासारखा उभा राहिलो. तेवढ्या वेळात तिने मला इतिहास सांगितला. अमेरिकेतल्या रॉबर्ट गथ्री यांनी १९६३ साली दाखवून दिलं, की तान्ह्या बाळाच्या टाचेतून घेतलेला थेंब अशाच कागदावर सुकवून जन्मजात आजार ओळखता येतो. सुकलेलं रक्त साध्या टपालाने पाठवता येतं. "दोन दिवसांची बाळं देतात काका, तुम्ही तर साठीचे." बाळांना सूचना वाचता येत नाहीत, एवढं मी नोंदवून ठेवलं.

आईला मात्र बोट टोचणं नवं नव्हतं. तिच्या तरुणपणी वाडीत हत्तीरोगवाले येत, ते रात्री दहाच्या पुढे. कंदील, कुत्र्यांचं भुंकणं, आणि झोपेतून उठवलेली अख्खी वाडी बोटं पुढे करून रांगेत. त्या रोगाचे बारीक कृमी दिवसा फुप्फुसात दडून बसतात आणि डासांच्या जेवणाच्या वेळी, रात्रीच, कातडीजवळच्या रक्तात येतात. दशावतारातल्या संकासुरासारखे. दिवसा टोचलं तर रंगमंच रिकामा. "काचेर थेंब लावल्यानी आणि गेले," आई म्हणाली. "थेंबभर रगताक हो केदो पसारो!"

पाचवं वर्तुळ भरलं तेव्हा खरी गोष्ट सुरू झाली. कागद आडवा ठेवून किमान तीन तास सुकवायचा. ऊन नको, धग नको, केस सुकवायचं यंत्र नको, हात लावायचा नाही. आता आषाढात आमच्या घरात काय सुकतं? मिठाच्या बरणीत पाणी होतं. काड्यापेटी ओढली तर गूळ पेटवल्यासारखं होतं. सोमवारची बनियन शुक्रवारी दमट असते, आणि ती कोरडी आहे असं समजून घालणं हीच कोकणातली सहनशीलता. निळे मणी दमटपणा लागला की गुलाबी होतात, असं लिहिलं होतं. मी पुडी फोडून वाचायला घेतली, आणि वाक्य संपेपर्यंत ते गुलाबी व्हायला लागले होते.

आईने निखाऱ्यांवर डालगं उपडं घालून वर कागद ठेवायचा तोडगा सुचवला, नातवंडांची लंगोटं अशीच वाळली होती. धग नको म्हटल्यावर ती गप्प झाली. मग म्हणाली, "पावसात माझे पापड सुकनत नाय, तुझा रगात खयसून सुकतला?" तीन तासांनी डाग अजून चकाकत होते. सहा तासांनीही. रात्री वीज गेली, पंखा थांबला. कागद कपाटावर, दोन वाट्यांवर पूल करून ठेवला आणि वाट्यांत पाणी घातलं, मुंग्यांसाठी. दमट हवेशी झुंजणाऱ्या कागदाखाली मी स्वतःच्या हाताने पाणी भरून ठेवतोय, हे पहाटे चार वाजता लक्षात आलं.

सकाळी डाग काळसर तपकिरी झाले होते, म्हणजे सुकले असावेत. पिशवीत घातले, स्पीड पोस्ट केलं. आठवड्याने फोन आला. तीन वर्तुळं चालली. एकावर बायकोने थेंबावर थेंब दिला होता, आणि पाचव्यातून काहीतरी चालत गेलं होतं.

"सहा पायांचं असावं," पुतणी म्हणाली. "काका, दुसरं पाकीट पाठवू?"

"मे महिन्यात पाठव," मी म्हटलं. "आंबोशीबरोबर खळ्यात वाळत घालतो."

"काका! उन्हात नाही!"

आईने पडवीतून विचारलं, काय म्हणता ती. मी सांगितलं. मग ती बराच वेळ हसत होती.