वरचं पाणी नको म्हणजे नको!

"ऊन केवढं पडलंय, दोन चमचे पाणी पाज गं त्याला!" तीन महिन्यांच्या बाळाला बघायला येणारं प्रत्येक माणूस हेच सांगतं आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते. अहो, आईच्या दुधात ८० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं! मे महिन्यातही सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचं पाणी लागत नाही. उलट त्या दोन चमच्यांनी इवलंसं पोट भरतं, बाळ कमी ओढतं, आणि कमी ओढलं की दूधही कमी येतं. मग त्याच बायका म्हणणार, "हिचं दूध पुरत नाही, पावडरचा डबा आणा."

मध चाटवणारे वेगळेच. वर्षाच्या आत मध द्यायचा नाही, त्यातून बाळाला बोट्युलिझम, म्हणजे जंतूंमुळे होणारी जीवघेणी विषबाधा, होऊ शकते, हे कितीदा सांगायचं? आमच्या अंगणवाडीताई घरोघर फिरून घसा कोरडा करतात. माता-बाल संरक्षण कार्डावरही सहा महिने फक्त आईचं दूध असं लिहिलेलं असतं. ते कार्ड कपाटात, फक्त लसीच्या दिवशी बाहेर निघतं.

आणि रात्र रात्र जागणाऱ्या त्या पोरीने भांडायचं तरी कुणाकुणाशी? पाणी पाजायचंच असेल ना, तर तिला पाजा. गरम भाकरी वाढा. तासभर बाळ घ्या, तिला झोपू द्या.